पित्ताशयासाठी आहार : विडी कामगार वस्तीतील माहितीपत्रिकेच्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

सोलापुरातील विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांमध्ये वाटण्यासाठी पित्ताशयाच्या आरोग्याविषयी एक छोटी पत्रिका तयार करण्याचे काम आज सुरू केले. पत्रिका आधी मराठीत निघेल आणि नंतर तिचा तेलुगू व कन्नड अनुवाद होईल. आहाराचा मजकूर मी लिहायचा आणि एका अनुभवी शल्यचिकित्सकांनी तो ओळीनिशी तपासायचा, अशी कामाची वाटणी ठरली आहे. एक मर्यादा पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणाच्या आग्रहाखातर ती सैल होणार नाही : पित्ताशयात एकदा तयार झालेला खडा कोणत्याही पदार्थाने, काढ्याने किंवा पथ्याने विरघळतो असे या पत्रिकेत कोठेही सूचित होता कामा नये. नवा खडा होण्याची शक्यता कमी करणे आणि खडा असलेल्या माणसाचा त्रास आटोक्यात ठेवणे, एवढेच आहाराच्या हातात आहे. आणि तेवढेही पुष्कळ आहे.

पहिल्या पानासाठी पित्ताशयाचे काम असे मांडले. यकृत दिवसभरात साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. जेवणांच्या मधल्या काळात तो यकृताखालच्या पिशवीत, म्हणजे पित्ताशयात, साठतो. या पिशवीत जेमतेम तीस ते पन्नास मिलिलिटर रस मावतो. परंतु ती त्यातील पाणी शोषून घेऊन रस कित्येक पटींनी दाट करीत असल्यामुळे थोड्या जागेत पुष्कळ काम भागते. जेवणातील स्निग्ध पदार्थ लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पोहोचले की तेथून कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक रक्तात सुटते, पित्ताशय आकसते आणि दाट पित्तरस आतड्यात उतरतो. पित्तरसात कोलेस्टेरॉल प्रमाणाबाहेर झाले, त्याचे सूक्ष्म स्फटिक बनू लागले आणि त्याच वेळी पित्ताशय वेळच्या वेळी रिकामे होत नसले, तर खडा धरतो. या तीनपैकी शेवटची गोष्ट घरातल्या घरात, एक रुपयाही खर्च न करता सुधारता येते. म्हणून पत्रिकेचा भर तिच्यावर ठेवावा असे माझे मत आहे.

१९ जून २०२५, गुरुवार

कुंभारीच्या विडी घरकुल वसाहतीत गेलो होतो. मांडीवर सूप, सुपात पाण्याने ओलसर केलेली तेंदूची पाने, बाजूला तंबाखूचा ढीग. कात्रीने पान मापात कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरून वळायचे, टोक नखाने आत दुमडायचे आणि दोरा बांधायचा. हे सगळे बोलता बोलता, न पाहता चाललेले असते. मजुरी हजारी विड्यांवर असल्यामुळे मध्येच उठणे परवडत नाही. घरातल्या अक्कांना सकाळपासून काय खाल्ले असे विचारले, तेव्हा उत्तर जवळपास सगळीकडे सारखे आले : पहाटे साखरेचा चहा, विड्या जमा करून येईपर्यंत आणखी एकदा चहा, आणि पोटभर जेवण दुपार टळल्यावर. रात्रीचे जेवण आठच्या सुमारास होते असे धरले, तर भाकरीचा घास पुन्हा पोटात जाईपर्यंत सोळा-सतरा तास सहज उलटतात. मध्ये घेतलेल्या चहातील चमचाभर दुधाच्या स्निग्धांशाने पित्ताशय नीट आकसत नाही. दाट होत गेलेला पित्तरस तितका वेळ एका जागी पडून राहतो.

अमेरिकेतील एका मोठ्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत सहभागी झालेल्या स्त्रियांच्या माहितीवरून १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाच धागा सापडतो. रात्रीच्या जेवणापासून सकाळच्या खाण्यापर्यंत चौदा तास किंवा त्याहून अधिक अंतर ठेवणाऱ्या स्त्रियांमध्ये, आठ तासांपेक्षा कमी अंतर ठेवणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत, पित्ताशयाच्या खड्यांसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण जास्त आढळले होते. आपल्याकडे मात्र खड्याचा विषय निघाला की बोट पहिले तेलाकडे जाते. तेलाचा अतिरेक वाईट हे खरेच. परंतु या वस्तीत मला दिसलेला दोष तेलाच्या आधी उपाशीपणाचा आहे.

यंत्रमागाच्या रात्रपाळीतील कामगारांचे वेळापत्रक वेगळे असते. त्यांच्याशी पाळी सुटण्याच्या वेळी बोलावे लागेल.

२४ जून २०२५, मंगळवार

आज स्वयंपाकघरातील वजनमापाचा दिवस होता. ‘तंतुमय आहार घ्या’ हे वाक्य पत्रिकांमधून इतके वाचले जाते की त्याचा काही अर्थ उरत नाही. त्याऐवजी ताटातील पदार्थाचे माप द्यायचे ठरवले आहे. मध्यम आकाराच्या एका भाकरीला साधारण साठ ग्रॅम ज्वारीचे पीठ लागते. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू असल्यामुळे एका भाकरीतून सहा ग्रॅम मिळतात. तेवढ्याच वजनाच्या पांढऱ्या तांदळातून दोन ग्रॅमही मिळत नाहीत. पित्तरसातील पित्ताम्ले आतड्यातून परत शोषली जातात आणि पुन्हा यकृताकडे जातात. तंतू त्यांच्यापैकी काहींना बांधून बाहेर नेतात, त्यामुळे यकृताला नवी पित्ताम्ले तयार करण्यासाठी कोलेस्टेरॉल खर्च करावे लागते. शिवाय अन्न आतड्यातून लवकर पुढे सरकते. मालदांडी ज्वारीच्या या जिल्ह्यात, स्वस्त धान्य म्हणून घरोघरी तांदळाचे प्रमाण वाढत गेले आणि भाकरी एक वेळेवर आली, ही बाब पित्ताशयाच्या दृष्टीने चांगली नाही. कडक भाकरी करून डब्यात भरून ठेवण्याची इथली जुनी पद्धत विडी वळणाऱ्या बाईसाठी मला फार उपयोगाची वाटते, कारण तिच्यासाठी सकाळी चूल पेटवावी लागत नाही.

शेंगाचटणीचा प्रश्न थोडा अधिक वेळ घेऊन पाहिला. सोलापुरी चटणी खमंग भाजलेल्या शेंगदाण्यांची, लसूण, जिरे, मीठ आणि लाल तिखट घालून उखळात कुटलेली असते. दाण्यांना तेल सुटून तिचे गोळे होऊ लागेपर्यंत ती कुटतात. खड्याचे निदान झाले की घरातील वडीलधारी मंडळी सर्वांत आधी हीच चटणी बंद करतात. मी एक भरलेला मोठा चमचा तोलला, तो पंधरा ग्रॅमच्या आसपास भरला. त्यात सहा-सात ग्रॅम स्निग्धांश येतो. ज्याला अद्याप खडा नाही किंवा खडा असून कधीही दुखलेले नाही, अशा माणसाला भाकरीबरोबर एवढी चटणी वर्ज्य करण्याचे कारण मला दिसत नाही. उलट, अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासात जास्त वेळा बदाम-अक्रोडासारखी कवचफळे खाणाऱ्या स्त्रियांवर पित्ताशय काढण्याची वेळ कमी प्रमाणात आली होती, आणि त्यात भुईमुगाचे दाणेही धरलेले होते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत उंदरांवर झालेल्या प्रयोगांत लसूण, कांदा, मेथी, हळद आणि मिरचीतील तिखट द्रव्य यांनी खडे बनण्याचे प्रमाण घटलेले दिसले. उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. म्हणून हे पत्रिकेत येणार नाही, येथे माझ्यापुरते नोंदवले आहे.

मात्र ज्यांना जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळा येतात त्यांच्यासाठी वेगळी चौकट हवी. रात्री उशिरा गाड्यावरची डिस्को भजी, मटणाचा तर्रीदार रस्सा, तळलेली पापडी यांतून एकदम पोटात जाणारे तेल पित्ताशयाला जोराने आकसायला लावते, आणि आकसताना खडा तोंडाशी अडकला की कळ सुरू होते. अशा व्यक्तीने तज्ज्ञाचा सल्ला मिळेपर्यंत तळलेले बंद ठेवून, दिवसाचे तेल तीन-चार जेवणांत थोडे थोडे विभागावे.

२७ जून २०२५, शुक्रवार

कॉफीविषयी विचारणा झाली. नियमित कॉफी पिणाऱ्यांमध्ये खड्यांचा त्रास कमी आढळल्याचे १९९९ मधील अमेरिकन पुरुषांच्या मोठ्या अभ्यासात दिसले आहे. परंतु कपामागे दोन चमचे साखर घालून होणाऱ्या आपल्या कॉफीचा प्रचार करण्याची गरज वाटत नाही. वगळले.

३ जुलै २०२५, गुरुवार

रविवारी आषाढी एकादशी आहे आणि शहरातून वारकरी पंढरपूरच्या वाटेला लागले आहेत. उपवासावरचे पान त्यामुळे आधी लिहून काढले. श्रद्धेच्या विषयात आहारतज्ज्ञाने शिरू नये असे आमच्यातील काहींचे म्हणणे होते. उपवास करू नका असे मला लिहायचेच नाही. तो कसा केला तर पित्ताशयाला कमी जाच होतो, एवढेच सांगायचे आहे. दिवसभर काही न खाता रात्री साबुदाण्याचे वडे आणि वर बटाट्याचा कीस, हा क्रम सर्वांत वाईट. दिवसभर दाट होत राहिलेल्या पित्तरसावर रात्री अचानक तळणाचा मारा होतो, आणि साबुदाण्यात पिष्टाखेरीज जवळपास काहीच नसते. त्याऐवजी सकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा दही, दुपारी वरईचा भात आणि दाण्याची आमटी, मध्ये पेरू किंवा डाळिंब, रात्री राजगिऱ्याची भाकरी आणि भोपळ्याची भाजी असे चार वेळा थोडे थोडे घेतले तर उपवासही राहतो आणि पित्ताशयही वेळोवेळी रिकामे होते. ज्यांना खड्याचे निदान झाले आहे आणि दुखून गेले आहे त्यांनी निर्जळी उपवास टाळावा, हे वाक्य ठळक अक्षरांत छापायचे. रोज्यांसाठीही हीच चौकट थोड्या फरकाने चालेल : सहरी चुकवू नये, आणि इफ्तारची सुरुवात भज्यांनी न करता खजूर, फळे आणि हलक्या जेवणाने करावी.

१० जुलै २०२५, गुरुवार

‘नैसर्गिक उपाय’ या पानाने सर्वांत जास्त वेळ घेतला, कारण वस्तीत मोबाईलवर फिरणारे संदेश तिथे प्रत्येकाच्या हातात आहेत. त्यांतील मुख्य संदेश असा : पाच दिवस सफरचंदाचा रस प्या, मग रात्री मिठासारखे दिसणारे एक रेचक आणि पेलाभर ऑलिव्ह तेल लिंबाच्या रसाबरोबर घ्या, सकाळी हिरवे खडे शौचावाटे पडतील. एका मावशींनी असे पडलेले ‘खडे’ बरणीत जपून ठेवले होते आणि मोठ्या विश्वासाने दाखवले. हिरवट, मेणासारखे मऊ, बोटांत दाबले की चेपणारे गोळे होते. न्यूझीलंडमधील दोन वैद्यकांनी अशाच एका स्त्रीने आणलेल्या गोळ्यांची रासायनिक तपासणी करून २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याविषयी लिहिले आहे. खऱ्या खड्यांत असणारे कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन (पित्तातील रंगद्रव्य) किंवा कॅल्शियम त्या गोळ्यांत सापडले नाही. त्यांचा मोठा भाग स्निग्धाम्लांचा होता. प्यायलेल्या तेलाचेच पोटात साबणासारखे गोळे बनले होते, आणि मूळ खडे पित्ताशयात होते तिथेच राहिले होते. मावशींना मी एवढेच सुचवले की सोनोग्राफी पुन्हा करून घ्या, बरणी सोबत न्या आणि डॉक्टरांना दोन्ही दाखवा. एवढे तेल एकदम पोटात गेल्याने लहान खडा नळीत उतरून कावीळ किंवा स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो, म्हणून हा प्रयोग निरुपद्रवी समजता येत नाही.

दुसरा घोटाळा मुतखड्याच्या उपायांचा. कुळथाचे कढण, पाषाणभेद, भरपूर पाणी आणि बियर हे उपाय पित्ताशयाच्या खड्यालाही लागू पडतात असे अनेकजण धरून चालतात. मूत्रपिंडाचा खडा मूत्रमार्गाने वाहून जाऊ शकतो. पित्ताशयाचा मूत्रमार्गाशी काही संबंध नाही आणि त्यातील बहुतेक खडे कोलेस्टेरॉलचे असतात. कुळथाचे पिठले चवीसाठी आणि प्रथिनांसाठी खुशाल खावे, खड्यासाठी नव्हे.

हळदीच्या गोळ्यांबाबत मी जास्त सावध आहे. हळदीतील करक्युमिन पित्ताशयाला आकसवते, हे निरोगी माणसांवरील सोनोग्राफी अभ्यासांत दिसले आहे. भाजीतील चिमूटभर हळद निराळी. परंतु पित्ताशयात खडे असताना अर्क भरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करणे म्हणजे कळ ओढवून घेणे ठरू शकते. आयुर्वेदिक उपचार घेणाऱ्यांनी पदवीधर वैद्यांना आपला सोनोग्राफीचा अहवाल दाखवूनच औषध घ्यावे, असे वाक्य येथे जोडले.

१५ जुलै २०२५, मंगळवार

आज शल्यचिकित्सकांनी वैद्यकीय भाग वाचला. योगायोगाने १८८२ मध्ये आजच्याच तारखेला बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पहिल्यांदा माणसाचे पित्ताशय काढले होते. नुसते खडे काढून पित्ताशय जागीच ठेवले तर ते पुन्हा खडे बनवते, ही त्यांची भूमिका आजही टिकून आहे. उर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्यांनी काही लहान, कोलेस्टेरॉलचे खडे महिनोन्‌महिने औषध घेतल्यावर विरघळतात. परंतु औषध थांबल्यावर पुष्कळांना पाच वर्षांच्या आत ते पुन्हा होतात. दुर्बिणीची शस्त्रक्रिया भारतात १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी प्रथम केली. आज ती जिल्ह्याच्या ठिकाणी नित्याची झाली आहे, त्यामुळे ‘पोट फाडतील’ या भीतीने वर्षानुवर्षे कळा सोसण्याचे कारण राहिलेले नाही.

त्यांनी दोन सुधारणा सुचवल्या आणि दोन्ही योग्य होत्या. पहिली अशी की दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडा दिसला आणि कधीही दुखलेले नाही, तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेची घाई नसते, हे स्पष्ट लिहावे; नाहीतर पत्रिका वाचून निष्कारण घबराट होईल. दुसरी सुधारणा धोक्याच्या खुणांविषयी होती. पोटाच्या वरच्या भागात किंवा उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे जाणे, अर्ध्या तासापासून काही तास टिकणे आणि आम्लपित्ताच्या गोळीने न थांबणे ही खड्याच्या कळेची ठेवण आहे, तिला डॉक्टरांची वेळ घेऊन दाखवता येते. परंतु थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणे, लघवी गडद आणि शौचाचा रंग मातकट होणे, किंवा पाच-सहा तास न थांबणारे दुखणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. छातीखाली दुखून घाम येत असेल तर ते हृदयाचे दुखणे नाही याची खात्री आधी करावी. हा मजकूर आहाराच्या पानांमागे न ठेवता मुखपृष्ठाच्या आतील बाजूस घेतला.

२२ जुलै २०२५, मंगळवार

शुक्रवारपासून श्रावण लागतो आहे आणि तरुण मुलींमध्ये झटपट वजन उतरवण्याच्या आहाराची चर्चा आहे. स्थूलपणाने खड्याचा धोका वाढतो, तसाच तो फार वेगाने वजन उतरवल्यानेही वाढतो, ही गोष्ट वाचकाला उलटी वाटण्याची शक्यता असल्यामुळे कारणासह लिहिली : चरबी झपाट्याने वितळते तेव्हा यकृतातून पित्तरसात कोलेस्टेरॉल जास्त उतरते, आणि त्याच काळात तेल पूर्ण बंद असल्यामुळे पित्ताशय आकसत नाही. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन उतरू नये, आणि दिवसातील किमान एका जेवणात दहा ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे, तेल किंवा तूप असावे. ‘बिनतेलाचा आहार पित्ताशयाला चांगला’ हा समज खोडण्यासाठी मला याहून सोपे उदाहरण सापडले नाही. बाळंतपणे, गर्भनिरोधक गोळ्या, मधुमेह आणि चाळिशीनंतरचे वय हे इतर धोके दोन ओळींत आटोपले. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या व्यक्तींचे खडे वेगळ्या प्रकारचे, रक्तातील रंगद्रव्याचे असतात आणि आहाराने ते टळत नाहीत, हेही नमूद केले.

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

मसुदा वस्तीत मोठ्याने वाचून दाखवला. ‘दर चार-पाच तासांनी थोडे खा’ यावर एका अक्कांनी लगेच विचारले, “काका, दर वेळी हात धुऊन उठायचं तर हजारी भरायची कधी?” तंबाखूचे हात तोंडाला लागू नयेत म्हणून त्या उठल्याशिवाय खात नाहीत, आणि ते बरोबरच आहे. म्हणून वेळापत्रक त्यांच्या कामाभोवती बांधले : काम सुरू करण्याआधी, हात कोरडे असतानाच, अर्धी कडक भाकरी आणि चमचाभर शेंगाचटणी किंवा जवसाची चटणी, विड्या जमा करून परतल्यावर हात साबणाने धुऊन जेवण, संध्याकाळी फळ किंवा मूठभर फुटाणे, आणि रात्री शक्य तितके लवकर, हलके जेवण. जेवणानंतर वस्तीतच थोडे फिरून यावे ही सूचना त्यांनीच घातली, कारण दिवसभर मांडी घालून बसल्याने पाय आखडतात. बैठ्या कामाचा खड्यांशी संबंध असल्यामुळे ती मी आनंदाने ठेवून घेतली.

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव असल्याने शनिवारची बैठक आज घेतली. पित्ताशय काढलेल्यांसाठी शेवटचे अर्धे पान नक्की झाले : यकृत पित्तरस तयार करीतच राहते आणि तो थेट आतड्यात उतरतो, त्यामुळे आयुष्यभराचे कडक पथ्य लागत नाही, पहिले काही आठवडे तेलकट कमी आणि जेवण थोडे थोडे घ्यावे, काहींना पातळ शौचास होते ते बहुधा हळूहळू थांबते, न थांबल्यास डॉक्टरांना सांगावे. तेलुगू अनुवादासाठी मजकूर दिला आहे. अनुवाद करणाऱ्या ताईंना ग्रॅमचे सगळे आकडे जसेच्या तसे ठेवून शेजारी चमच्याचे चित्र देण्यास सांगितले, आणि कन्नड प्रतीत अक्कलकोट भागातील वाचकांसाठी भाकरीच्या जोडीला काय द्यावे हे गुरुवारपर्यंत ठरवायचे आहे.